प्रकरण चौदावे : सहाशे पेंढ्या

रविवारी दुपारी प्रार्थनेहून परतल्यावर बाइनाच्या खोपटात पाच माणसं बसली होती आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. चुलीच्या राखेत भाजायला टाकलेली रताळी करपत चालली होती. त्यांच्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे बघत होते टेबलावरच्या कागदाकडे.

तो कागद काल मळ्याचा मालक मेजर हॅझलटन याने दिला होता. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही दिवस भाताची मळणी. मायर्टल बेंडच्या मळ्यावरचा एकही मजूर खळं सोडून जाणार नाही. जो जाईल त्याने आपलं खोपटं रिकामं करायचं. कागदाच्या तळाशी सगळ्यांच्या वतीने एक फुली होती. ती स्मार्टने काढली होती.

आणि राज्याची नवी घटना लिहायला परिषद भरवावी की नाही, त्या मतदानाचेही मंगळवार-बुधवार हेच दोन दिवस होते.

"दादा, तू फुली काढलीस," जुलाय तिसऱ्यांदा म्हणाला.

"काढली. किती वेळा सांगू?"

"वाचता येत नाही तर काढायची कशाला?"

"तुला तरी कुठे येतं वाचता? दोन वर्षं फौजेत बूट घासून आलास..."

"बूट नाही, बंदूक घासली! आणि ती बंदूक घासली म्हणून तू आज फुली काढायला मोकळा आहेस."

जुलाय सत्तावीस वर्षांचा. गुलामी मोडणारी लढाई संपून अडीच वर्षं झाली तरी फौजेचा निळा कोट त्याच्या अंगावरून उतरत नव्हता. स्मार्ट त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा आणि मळ्याचा मुकादम. बाइना या दोघांची आई, आणि दोघांच्या मधली बहीण रायना. ती उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात लाल घेवडा निवडत होती. तिचा नवरा लढाईच्या दुसऱ्या वर्षी दलदलीच्या तापाने गेला. ऑगस्टमध्ये सरकारी माणूस मतदारांची नावं लिहायला आला तेव्हा स्मार्टच्या घरातून एक नाव लागलं, बाइनाच्या घरातून जुलायचं लागलं, रायनाच्या घरातून काहीच लागलं नाही, कारण बायकांना मत नव्हतं. त्या दिवसापासून ती या दोन भावांच्या मतांकडे आपली कोंबडीची दोन पिल्लं असावीत तशी लक्ष ठेवून होती.

"मला एवढंच सांग," स्मार्टची बायको हॅगर म्हणाली. तिच्या कडेवर सात महिन्यांचं पोर होतं. "आपल्या मळ्यावरचे एकोणीस पुरुष नाही गेले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"वहिनी, गोरे मत द्यायला जाणारच नाहीत," जुलाय म्हणाला. "त्यांनी नावं नोंदवली आणि आता ते घरात बसणार. नाव नोंदलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं आली नाहीत तर घटना परिषद रद्द. मग नवी घटना नाही. आपल्याला मत नाही, पोरांना शाळा नाही, कोर्टात साक्ष द्यायला उभं राहता येणार नाही. सगळं पहिल्यासारखं. म्हणजे जो घरी बसला तो त्यांच्याच बाजूने मोजला गेला. मेजरने आपली एकोणीस माणसं खळ्यात अडकवली की त्याला एकोणीस मतं घरबसल्या मिळाली."

"आणि खोपटं गेलं तर या पोराचा झोका कुठे बांधू? तुझ्या परिषदेच्या आढ्याला?"

"बरोबर बोलतेय ती," स्मार्ट पुटपुटला.

जुलाय उठून उभा राहिला. "तुला दादा, गोऱ्याचा हुकूम ऐकू आला की तुझा हात आपोआप चालतो. आधी चाबूक होता. आता लेखणी आहे, एवढंच."

रायनाच्या हातातला घेवडा सुपात पडला.

ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण या घरात ते कधी मोठ्याने बोललं गेलं नव्हतं. जुलाय बारा वर्षांचा असताना त्याच्या वाट्याची खुरपणी दिवस मावळेपर्यंत पुरी झाली नव्हती आणि मुकादम म्हणून स्मार्टला त्याच्या पाठीवर दहा फटके मारावे लागले होते. मळ्यावरच्या माणसांना माहीत होतं की गोरा देखरेख्या पाठमोरा असला की स्मार्ट झाडाच्या खोडावर चाबूक ओढी आणि मार खाणाऱ्याने नुसतं ओरडायचं असे. पण त्या दिवशी देखरेख्या पाठमोरा नव्हता. तो चार पावलांवर उभा राहून मोजत होता.

स्मार्टने टेबलाच्या कडेवर अंगठा घासला. मग म्हणाला, "त्याने कागद वाचून दाखवला. 'नेम' म्हणाला. नेम म्हणाला म्हणून मी काढली फुली. त्या माणसांनी आपल्याला दिलेला प्रत्येक शब्द मोडला, पण नेमाचा नाही मोडला. त्याच्या बापानेसुद्धा नाही."

भातमळ्यांवर दिवसाचं काम मोजून दिलेलं असे, त्याला नेम म्हणत. खुरपणीचा नेम इतकी जमीन, झोडणीचा नेम इतक्या पेंढ्या. नेम झाला की मुकादम हाक देई, "नेम पुरा!" आणि नेम संपवणारा उलट ओरडे, "उरलेला दिवस माझा!" मग त्याने मासे धरावेत, आपल्या परसात रताळी लावावीत, नाहीतर झाडाखाली लोळावं. गुलामीच्या दिवसांतही त्या उरलेल्या दिवसाला धनी हात लावत नसे.

"काय म्हणाला तो? नेम?" रायनाने सूप खाली ठेवलं. "इकडे दे बघू तो कागद."

आठ महिने ती रविवारच्या शाळेत जात होती. आपल्याच गल्लीतल्या सात-आठ वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसून, तीच पाटी, तेच पुस्तक. पोरं तिच्या चुका काढत आणि ती त्यांची नाकं पुसत असे. तिने कागद उजेडात धरला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सोलत निघाली. जुलाय दोनदा काहीतरी बोलायला गेला. बाइनाने नुसता हात वर करून त्याला गप्प केलं.

"'कोणताही मजूर... आपला नेम... पुरा झाल्या... शिवाय... खळे सोडणार नाही.'" रायनाने मान वर केली. "एवढंच आहे. पुढे खोपटं रिकामं करायचं ते."

"तेच तर मी सांगतोय मघापासून," जुलाय म्हणाला. "सहाशे पेंढ्या झोडता झोडता दिवस मावळतो. मतदानाची जागा सात मैलांवर. झालं!"

हॅगरने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पुन्हा वाच."

रायनाने पुन्हा वाचलं.

"पुरा झाल्याशिवाय," हॅगर सावकाश म्हणाली. "पण पुरा कुणी करायचा, ते लिहिलंय?"

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं, वहिनी. नाही लिहिलेलं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाइना पहिल्यांदाच बोलली. तिला सगळा मळा मॉम बाइना म्हणे, मेजरसुद्धा. "जुलाय, तू पोटात होतास तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत मी चिखलात उभी होते. माझा नेम कुणी संपवला? डावीकडची अर्धा, उजवीकडची अर्धा. मेजरचा बाप घोड्यावर बसून बघत असे. त्याला नेम हवा होता. हात कुणाचे, ते त्याने कधी विचारलं नाही."

चौघंही एकमेकांकडे बघू लागली. रायना मनात आकडे मांडत होती. पुरुष एकोणीस, त्यातला स्मार्ट मुकादम, म्हणजे झोडणारे अठरा. बायका बावीस. बायकांचा नेम पाचशेचा. "सगळ्यांनी मिळून आधी पुरुषांच्या पेंढ्या झोडायच्या," ती म्हणाली. "दहा-साडेदहापर्यंत होतील. मग हे जातील आणि आम्ही आमच्या झोडत बसू."

"तुमच्या दिवस मावळेपर्यंत होणार नाहीत," स्मार्ट म्हणाला.

"मग होतील तेव्हा होतील," हॅगर म्हणाली. "तुला कसली काळजी? काठ्या आम्ही मारणार." घटकाभरापूर्वी झोक्याची चिंता करणारी हीच का ती, असं रायनाच्या मनात आलं.

स्मार्ट उठला. "मी मोजायला उभा राहीन. पण खरं मोजीन. एक पेंढी कमी असली तरी हाक देणार नाही. खोटी हाक दिली आणि मेजरने पकडली, तर त्याला तेच हवंय."

"बघ," जुलाय रायनाला म्हणाला. "मुकादम तो मुकादमच."

स्मार्टने ते ऐकलं. राखेतून एक रताळं काढून त्याने फुंकर मारली. "करपलंय," म्हणाला आणि ते खात खात निघून गेला.

*

मंगळवारी तांबडं फुटलं तेव्हा चाळीस माणसं खळ्यावर उभी होती. चोपून गुळगुळीत केलेल्या जमिनीवर पेंढ्या मांडल्या होत्या, लोंब्या आत, बुडखे बाहेर. पन्नास पेंढ्यांची एक रांग, बारा रांगांचा एक नेम. समोरासमोर उभं राहून माणसं जोडकाठ्या फिरवू लागली. लांब दांडा, त्याला चामड्याच्या वादीने बांधलेला आखूड सोटा. एकाचा खाली आला की समोरच्याचा वर. थोड्याच वेळात चाळीस काठ्यांचा एक ताल धरला गेला आणि कुणीतरी त्यावर गाणं घातलं.

स्मार्ट रांगांमधून फिरत होता. त्याच्या हातात मुकादमाची काठी होती. प्रत्येक रांग तो वाकून बघे, लोंबीला दाणा चिकटलेला दिसला तर पुन्हा झोडायला लावी, मग काठीवर चाकूने एक खाच पाडी. बारा खाचा झाल्या की मान मागे टाकून हाक देई. त्याची हाक नदीपलीकडच्या मळ्यावर ऐकू जाते असं लोक म्हणत.

"केटो! नेम पुरा!"

"उरलेला दिवस माझा!" डॅडी केटो ओरडला. तो सत्तरीचा होता आणि त्याने रविवारचा कोट झोडणीच्या वेळीही काढला नव्हता, न जाणो कुणी त्याला विसरून पुढे जाईल.

"डॅडी, कोटावर कोंडा बसलाय. सरकार ओळखणार नाही तुम्हाला," हॅगर म्हणाली.

"सरकारने मला सत्तर वर्षं ओळखलं नाही पोरी. आता आणखी एक दिवस!"

सूर्य उंचावर आला तेव्हा अठरावी हाक झाली. जुलायची. स्मार्टने ती इतरांसारखीच दिली आणि जुलायने "उरलेला दिवस माझा" म्हटलं ते दुसरीकडे बघत.

तेवढ्यात मेजर घोड्यावरून आला. त्याने पुरुषांच्या झोडलेल्या पेंढ्यांचे ढीग पाहिले, बायकांच्या न शिवलेल्या रांगा पाहिल्या, आणि पुरुष बूट चढवताना पाहिले.

"हे काय चाललंय, स्मार्ट?"

"अठरा नेम पुरे झाले, मेजरसाहेब. मी मोजलेत."

"बायकांच्या मदतीने."

रायनाला आपला आवाज ऐकू आला तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. "'कोणताही मजूर आपला नेम पुरा झाल्याशिवाय खळे सोडणार नाही.' मदतीचं त्यात काही लिहिलेलं नाही, साहेब."

मेजरने तिच्याकडे वळून बघितलं. "तुला कागद कुणी वाचून दाखवला?"

"मीच वाचला."

मेजरने घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवली. मूर्ख माणूस नव्हता तो. त्याचं भात खळ्यावर पडलं होतं, चार दिवसांत ते जहाजावर चढायला हवं होतं, आणि कागदावर त्याचीच सही होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "कागद म्हणजे कागद. अठरा जणांनी जावं. स्मार्ट जाणार नाही. मुकादमाला नेम नसतो, तेव्हा त्याचा पुरा होण्याचा प्रश्नच नाही. खळं उठेपर्यंत मुकादम खळ्यावर. हाही माझ्या वडिलांचाच नियम. काय मॉम बाइना, खोटं बोलतोय मी?"

खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या बाइनाने नजर खाली घातली. खोटं नव्हतंच ते.

डॅडी केटो एका पोत्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. "स्मार्ट नाही तर मी नाही. वाटेत पुलावर कुणी अडवलं तर पुढे होऊन बोलणार कोण?"

"मी आहे ना!" जुलाय म्हणाला.

"तू आहेस बाबा. तू बोलशील आणि मग आम्हाला पळावं लागेल."

दोघं-तिघं हसले, पण आणखी चौघं खाली बसले. वीस वर्षं ही माणसं स्मार्टच्या हाकेवर उठली-बसली होती. ती त्याच्याशिवाय हलणार नाहीत हे मेजरला ठाऊक होतं. म्हणून तर त्याने अठरा जणांना इतक्या सहज सोडलं होतं.

रायनाने स्मार्टकडे पाहिलं. तिला एक गोष्ट वाटून गेली आणि तिची लाजही वाटली. दादाला आत कुठेतरी बरं तर वाटत नसेल? इथेच थांबावं, कुणाशी वैर नको, खोपटं राहील, काठी राहील. जुलायही तसंच बघत होता. पंधरा वर्षांपूर्वी बघत होता तसंच.

स्मार्ट काठीवर अंगठा फिरवत होता, खाचांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तो रायनाजवळ आला आणि काठी तिच्या हातात दिली.

"धर."

"मी?"

"वाचता येतं तर मोजताही येत असेल." मग तो मेजरकडे वळला. "साहेब, मी आता मुकादम नाही. साधा मजूर आहे. धडधाकट मजुराचा नेम सहाशे पेंढ्यांचा. मांडा रे माझ्या बारा रांगा."

"सत्तेचाळीस वर्षांचा आहेस तू," मेजर म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मुकादमाच्या खोपटाला दोन खोल्या आहेत, स्मार्ट. दुप्पट शिधा आहे. एका काठीबरोबर ते सगळं खाली ठेवतोयस, कळतंय का?"

स्मार्टने हॅगरकडे पाहिलं. सगळ्या खळ्याने हॅगरकडे पाहिलं. तिने आपलं पोर बाइनाच्या मांडीवर ठेवलं, झग्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि जोडकाठी उचलली.

"एका खोलीला झाडलोट कमी लागते," ती म्हणाली.

पोरांनी पेंढ्या मांडल्या. स्मार्ट रांगेच्या टोकाला उभा राहिला. वीस वर्षांत त्याने झोडणी केली नव्हती. पहिल्या फटक्याला सोटा उलटून त्याच्याच खांद्यावर आदळला. कुणी हसलं नाही. जुलायने निळा कोट काढला, घडी करून पोत्यावर ठेवला आणि मोठ्या भावाच्या समोर येऊन उभा राहिला.

"मनगट सैल सोड, दादा," तो म्हणाला. "काठी आपली आपण पडते. तू नुसती उचल."

स्मार्टने उचलली. जुलायची खाली आली, स्मार्टची वर गेली. दहा-पंधरा फटके दोघंच होते. मग हॅगर आली, मग डॅडी केटो कोटासकट, मग रांगेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका, पुरुष, सगळं खळं त्या बारा रांगांवर तुटून पडलं. रायना वाकून लोंब्या बघत होती, खाचा पाडत होती, आणि खाच पाडून होईपर्यंत पुढची रांग झालेली असे.

"बारा!" जुलाय ओरडला. "दे हाक!"

रायनाने शेवटची रांग बघितली. मग पुन्हा बघितली. घाईघाईत मांडताना पोरांनी चूक केली होती.

"एकोणपन्नास आहेत," ती म्हणाली. "एक पेंढी कमी आहे."

खळ्यावर एक मोठा सुस्कारा फिरला. "आता तू पण?" जुलाय कळवळून म्हणाला. पण स्मार्टने मान हलवली आणि रायनाला दिसलं की घोड्यावर बसलेल्या मेजरचेही ओठ हलत होते. तोही मोजत होता.

बाइना खुर्चीतून उठली. पोर हॅगरकडे देऊन ती ढिगापर्यंत गेली, एक पेंढी काढली, आणून शेवटच्या रांगेत ठेवली. जोडकाठी तिला पेलली नाही. तिने पेंढीच दोन्ही हातांत धरली आणि जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा, चार वेळा. मग ती वर करून मेजरला दाखवली. लोंबीला एक दाणा नव्हता.

रायनाने बारावी खाच पाडली. मान मागे टाकली. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा आवाज आला.

"स्मार्ट! नेम पुरा!"

या मळ्यावर ती हाक बाईच्या गळ्यातून कधी निघाली नव्हती. स्मार्ट घामाने निथळत होता. वीस वर्षं तो लोकांना ही हाक देत आला होता. तिचं उत्तर मात्र मुकादम झाल्यापासून त्याने एकदाही दिलं नव्हतं.

"उरलेला दिवस माझा," तो हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं!" डॅडी केटो म्हणाला.

"उरलेला दिवस माझा!"

खळ्यावर जो ओरडा उठला त्याने मेजरचा घोडा दोन पावलं मागे सरला. मेजरने लगाम खेचला, स्मार्टकडे एकदा बघितलं, आणि घराकडे वळला. उद्या काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. पण एकोणीस माणसं बूट बांधत होती. जुलायने त्यांना फौजेसारखं दोन रांगांत उभं केलं आणि मग स्वतः पुढे न जाता बाजूला झाला.

"चल, दादा. तू पुढे."

*

दुपारभर बायका आपल्या पेंढ्या झोडत राहिल्या. प्रत्येकीचं लक्ष बांधावरच्या वाटेकडे होतं. पूल कुणी अडवला असेल का? बंदुका असतील का? हॅगरने तीनदा विचारलं, "किती वाजले असतील?" आणि रायनाने तीनदा सावली बघून सांगितलं. रायनाच्या स्वतःच्या दहा रांगा तशाच पडल्या होत्या. मोजणाराला झोडायला वेळ मिळत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

सूर्य सायप्रसच्या झाडांपर्यंत उतरला तेव्हा बांधावरून आधी गाणं आलं, मग माणसं दिसली. रायनाने काठ्या थांबवल्या नाहीत. ती काठीवरच्या जुन्या खाचांवरून बोट सरकवत मोजू लागली. पंधरा. सतरा. अठरा. मग वळणावरून डॅडी केटो दिसला, लंगडत, एक बूट हातात.

"एकोणीस!" ती ओरडली, आणि हॅगरने जोडकाठी खाली टाकली.

"पूल?" बाइनाने विचारलं.

"होते सहा जण," जुलाय म्हणाला. "घोड्यांवर. 'कुठे निघालात?' म्हणाले. दादा पुढे गेला. म्हणाला, 'नेम पुरा करून निघालोय, साहेब.' बस्स! त्यांना काही सुचेचना. आणि मागून दुसऱ्या मळ्याची चाळीस माणसं आली, त्यांच्या मागून आणखी. त्यांनी घोडे बाजूला घेतले. आई, चौरस्त्यावर माणसं बघायला हवी होतीस! आमच्या केंद्रावर नोंदलेली चारशे दहा. दुपारीच मतं निम्म्याच्या वर गेली, आणि अजून उद्याचा अख्खा दिवस आहे!"

"आणि पेटीपाशी?"

"पेटीपाशी कारकुनाने दादाला विचारलं, 'नाव?' दादाने असं सांगितलं की बाहेरच्यांनी टोप्या सावरल्या. कारकून म्हणाला, 'बाबा रे, मी इथेच बसलोय, नदीपलीकडे नाही.'"

स्मार्ट हसला. रायनाने त्याला असं हसताना लहानपणी पाहिलं होतं. तो खळ्यावर फिरून अजून पडलेल्या पेंढ्या बघत होता. "ह्या इतक्या कुणाच्या?"

"थोड्या थोड्या सगळ्यांच्याच. त्या दहा रांगा माझ्या."

स्मार्टने खांद्यावरचा कोट टाकला. चौदा मैल चालून आलेल्या एकोणीस माणसांनी काठ्या उचलल्या. आता पुरुष बायकांच्या पेंढ्या झोडत होते. एकेकीची हाक होत गेली, रायना देत गेली, आणि शेवटी तिच्याच रांगा उरल्या. त्या झाल्या तेव्हा ती काठी हातात धरून तशीच उभी राहिली. स्वतःची हाक स्वतः कशी द्यायची?

रांगेतूनच, जोडकाठीवर रेलून, स्मार्टने मान मागे टाकली.

"रायना! नेम पुरा!"

"उरलेला दिवस माझा," रायना म्हणाली.

"किती उरलाय बघ!" जुलायने सूर्याकडे बोट केलं. झाडांवर दोन बोटं उजेड शिल्लक होता. "काय करशील एवढ्या दिवसाचं?" त्याने टोपी काढली आणि अस्तरातून एक छापील चिठ्ठी ओढली. "तिथे सगळ्यांना वाटत होते. एक पेटीत टाकली. ही तुझ्यासाठी."

"काय लिहिलंय गं त्यावर?" डॅडी केटो बूट बाजूला ठेवून जवळ आला. "मी टाकलं तर खरं. पण काय टाकलं ते तरी कळू दे."

रायनाने चिठ्ठी उजेडात धरली. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. चाळीस माणसं तिच्याभोवती दाटली.

"'परिषद... व्हावी.'"

"एवढंच?"

"एवढंच."

डॅडी केटोने ते दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिले. स्मार्ट म्हणाला, "पुन्हा वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

या वेळी रायनाने बोट ठेवलं नाही. तिने मान मागे टाकली आणि नेमाची हाक देतात त्या आवाजात ते दोन शब्द वाचले.

हाक नदीवरून पलीकडे गेली. मग पलीकडच्या मळ्यावरून उत्तर आलं, आणि ते एकट्यादुकट्याचं नव्हतं.

"उरलेला दिवस आमचा!"